लहान घराची कडी

सिंगापूरला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "तिकडे म्हणे रस्त्यावर थुंकले तर दंड होतो?" आणि दुसरा, "काय काय आणलेत?" पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मी अजून अडखळतो. २०२४ च्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकदाचे हातावेगळे करून मी धाकट्या बहिणीकडे पंधरा दिवस राहून आलो. सौभाग्यवतींनी दिलेल्या यादीतल्या निम्म्या वस्तू आणल्या, आणि यादीत नसलेली एक गोष्ट घेऊन आलो. तिला जकात पडली नाही, पण ओझे अजून जाणवते.

बहिणीचे बिऱ्हाड चौदाव्या मजल्यावर आहे. सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या या इमारतींत बहुतेक सारे सिंगापूर राहते. प्रत्येक दाराला बाहेरच्या बाजूने लोखंडी जाळीचे एक फाटक असते. दिवसा लाकडी दार सताड उघडे आणि जाळीचे फाटक तेवढे बंद, अशी पुष्कळ घरांची रीत. त्यामुळे वारा येतो, शेजारच्या चिनी आजीबाईंच्या कढईतल्या लसणीचा वास येतो, जाता-येता दोन शब्द बोलता येतात. पण कोणी आत शिरत नाही. पहिल्याच दिवशी मी फाटक नुसते लोटून आत आलो, तर बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "दादा, कडी लाव रे. इथे चोऱ्या होत नाहीत, पण कडी लावायची असते."

त्याच मजल्यावर टोकाला एक तमिळ गृहस्थ राहतात. वय पंचाहत्तर, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सिंगापुरात प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला 'अंकल' म्हणतात, तसे त्यांनाही म्हणतात. पण इतिहासाच्या शिक्षकाला अंकल म्हणणे माझ्या जिभेला जड जात होते. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणू लागलो. आपल्या कुंडीतला कढीपत्ता खुडून ते बहिणीला आणून देत. चौथ्या दिवशी असेच ते आले, जेवणासाठी बसवून घेतले, आणि तिथेच माझ्या हातून आगळीक घडली.

बोलण्यात युक्रेनचा विषय निघाला. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा सिंगापूरने संयुक्त राष्ट्रांत रशियाविरुद्ध मत दिले. एवढ्यावर न थांबता रशियाच्या चार बँकांशी व्यवहार बंद केले, आणि शस्त्रांसाठी वापरता येईल असा माल रशियाला पाठवण्यावर बंदी घातली. आग्नेय आशियाच्या संघटनेतल्या दुसऱ्या कोणत्याही देशाने असे निर्बंध लावले नव्हते. त्या वेळी आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत यावर फार चवीने चर्चा झाली होती आणि मी एक वाक्य टाकून सगळ्यांना हसवले होते. तेच वाक्य मी मास्तरांसमोर पुन्हा टाकले. "कुठे कीव्ह आणि कुठे सिंगापूर! बृहन्मुंबईहून थोडेसे मोठे बेट, सारी वस्ती साठ लाखांची. लहान तोंडी मोठा घास म्हणायचा. नाहीतर अमेरिकेची मर्जी राखायची, दुसरे काय?"

मेहुणे आमटीच्या वाटीत पाहू लागले. बहिणीने मला डोळ्यांनी दटावले. मास्तर मात्र हसले. "प्रोफेसर," ते म्हणाले, "उद्या सकाळी मोकळे आहात ना? जरा चालून येऊ. ऊन चढायच्या आत."

तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. आम्ही भुयारी गाडीने धोबी घाट नावाच्या स्थानकावर उतरलो. हे नाव ऐकून मला घरी आल्यासारखे वाटले. एके काळी इथल्या ओढ्यावर हिंदुस्थानी परीट कपडे धूत असत. वर आल्यावर मास्तरांनी ऑर्चर्ड रस्त्यावरची एक तांबड्या विटांची दहा मजली इमारत दाखवली. मॅकडोनाल्ड हाऊस तिचे नाव. आजूबाजूच्या काचेच्या मनोऱ्यांत ती एखाद्या जुन्या कारकुनासारखी अंग चोरून उभी होती.

"१० मार्च १९६५," मास्तर म्हणाले. "मी सोळा वर्षांचा होतो. दुपारी इथे बॉम्ब फुटला. तीन माणसे मेली, तेहतीस जखमी झाली. आमच्यासारखीच माणसे."

तेव्हा सिंगापूर मलेशियात होते, आणि मलेशियाचे राज्य निर्माण झाले हेच शेजारच्या इंडोनेशियाला मान्य नव्हते. बॉम्ब ठेवणारे दोघे इंडोनेशियाचे नौसैनिक होते, साध्या कपड्यांत आलेले. ते पकडले गेले, खटला चालला, फाशीची शिक्षा झाली. मधल्या काळात, ९ ऑगस्ट १९६५ रोजी, सिंगापूर मलेशियातून बाहेर पडून स्वतंत्र झाले होते. देश तीन वर्षांचा, सैन्य नुकते कुठे पावले टाकू लागलेले, आणि समोर दहा कोटींवर वस्तीचा शेजारी. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांनी दयेची विनंती केली. १७ ऑक्टोबर १९६८ रोजी फाशी दिली गेली. जाकार्तात जमावाने सिंगापूरच्या वकिलातीची नासधूस केली.

"आणि पुढे?" मी विचारले.

"पुढे १९७३ साली आमचे पंतप्रधान ली क्वान यू जाकार्ताला गेले आणि त्या दोघांच्या थडग्यांवर त्यांनी फुले वाहिली."

मला हे थोडे विचित्र वाटले. तसे मी बोलूनही दाखवले.

"विचित्र कसले? आमच्या घरात घुसून माणसे मारली, त्याची शिक्षा झाली. ती मोठ्या शेजाऱ्याच्या भीतीने माफ केली असती तर उद्या कोणीही आला असता. पण शेजाऱ्याशी जन्माचे वैर घेऊन लहान घर चालत नाही. म्हणून फुले. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबातल्या."

रस्त्यापलीकडच्या हिरवळीवर त्या संघर्षाचे एक स्मारक आहे, २०१५ साली उभारलेले. त्याच्या आदल्याच वर्षी इंडोनेशियाने आपल्या एका युद्धनौकेला त्या दोन नौसैनिकांची नावे दिली होती आणि सिंगापूरने निषेध केला होता. तिकडे ते हुतात्मे, इकडे ते खुनी.

ब्रास बसा रस्त्याने आम्ही समुद्राकडे निघालो. पावसाची झाडे दोन्ही बाजूंनी कमान धरून होती. वाटेत मास्तर मला पाण्याबद्दल सांगत होते. बेटावर मोठी नदी नाही. पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग मलेशियातल्या जोहोरमधून नळाने येतो, तो १९६२ च्या कराराने, आणि हा करार २०६१ पर्यंतचा आहे. "सकाळी तुमची बहीण चहाचे आधण ठेवते ना, ते एका कागदावर ठेवते," मास्तर म्हणाले. "मोठ्या देशाच्या दृष्टीने करार म्हणजे कागद. आमच्या दृष्टीने पाणी."

पुढे बीच रस्त्याच्या तोंडाशी एका बागेत चार पांढरे खांब आभाळात गेलेले दिसतात. लोक त्यांना गमतीने चिनी जेवणाच्या काड्या म्हणतात. जवळ गेल्यावर गंमत संपते. जपानी अमलात मारल्या गेलेल्या नागरिकांचे हे स्मारक आहे. चार खांब चिनी, मलय, हिंदी आणि इतर, अशा चार समाजांचे. खाली अनेक रक्षापात्रे पुरलेली आहेत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. अभेद्य म्हणून ब्रिटिशांनी ज्याची जगभर दवंडी पिटली होती, ते ठाणे दहा आठवड्यांच्या मोहिमेत गेले. जपान्यांनी नावसुद्धा बदलून स्योनान ठेवले.

"युद्ध युरोपातल्या राजधान्यांतले आणि तोक्योतले. दूरचेच की ते!" मास्तर म्हणाले. "आम्ही त्यात कोणाची बाजू घेतली नव्हती. घ्यायला आम्हांला विचारले कोणी?"

ही ठेच लक्षात ठेवून १९६५ नंतरचे सिंगापूर सैन्य उभारायला निघाले. पहिली पत्रे आपल्या लालबहादूर शास्त्रींना आणि इजिप्तच्या नासेरना गेली. दोघांनी सदिच्छा कळवल्या. सैनिकी मदत कोणी दिली नाही. मग इस्राएलचे सल्लागार आले. भोवतालच्या मुस्लिम शेजाऱ्यांना राग येऊ नये म्हणून त्यांना 'मेक्सिकन' म्हणायचे ठरले. सक्तीच्या लष्करी शिक्षणाची पहिली तुकडी १९६७ च्या ऑगस्टमध्ये दाखल झाली. मास्तर तिच्यात होते. "मेक्सिकोतल्या माणसांचे उच्चार असे कसे, असा प्रश्न आम्हांला पडे," ते हसत म्हणाले.

त्याच वर्षी जूनमध्ये इस्राएल आणि अरब राष्ट्रांचे सहा दिवसांचे युद्ध झाले होते. संयुक्त राष्ट्रांत इस्राएलचा निषेध करणारा आफ्रो-आशियाई ठराव आला. परराष्ट्रमंत्री राजरत्नम — जाफन्यात जन्मलेले, मूळचे पत्रकार — ठरावाच्या बाजूचे. संरक्षणमंत्री गोह केंग स्वी म्हणत, असे मत दिले तर सल्लागार निघून जातील आणि सैन्य अर्धवट राहील. ली क्वान यू यांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. ते स्वतः बैठकीला जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी टिपण पाठवले: लहान राष्ट्रांचा जगण्याचा हक्क आपण मांडला पाहिजे, जलमार्ग सर्वांना खुले राहिले पाहिजेत, आणि मतदानात तटस्थ राहावे; सल्लागार काही जाणार नाहीत. मंत्रिमंडळाने ते मानले. सल्लागार गेले नाहीत.

मला पहिल्यांदा उमगले की, अशी मते जगाच्या नकाशापुढे उभे राहून ठरत नाहीत. ती एका टेबलाभोवती ठरतात, आणि टेबलावर दूरच्या युद्धाबरोबर आपली बंदुकीची शिकवणी, आपले पाणी, आपले बंदर आणि आपला शेजारी हे सगळे मांडलेले असते. आपल्या घरी लग्नाच्या याद्या ठरतात तसेच. पण त्या पसाऱ्यात एक वस्तू अशी ठेवावी लागते की जिच्यावर बोली लावायची नाही.

"ती कोणती?" मी विचारले.

"सीमा ओलांडून दुसऱ्याच्या घरात सैन्य घालायचे नाही. कोण घालतो हे पाहायचे नाही. घातले का, एवढेच पाहायचे."

मास्तरांनी उदाहरण दिले ते ग्रेनेडाचे. कॅरिबियन समुद्रातले लाखभर वस्तीचे बेट. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे अमेरिकेने सैन्य उतरवले. अमेरिका सिंगापूरची मित्र, मोठे गिऱ्हाईक. तरी २ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत निषेधाचा ठराव आला, तेव्हा सिंगापूरने अमेरिकेविरुद्ध हात वर केला. बाजूने १०८, विरुद्ध ९, तटस्थ २७. माझे 'अमेरिकेची मर्जी' हे वाक्य त्या सकाळी ब्रास बसा रस्त्यावरच गळून पडले.

तरी प्राध्यापक सहजासहजी हार मानत नाही. एस्प्लनेड बागेत एका बाकावर बसल्यावर मी ठेवणीतला प्रश्न काढला. "मग कंबोडियाचे काय, मास्तर?" पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्याने मास्तर म्हणालो.

१९७८ च्या डिसेंबरअखेर व्हिएतनामचे सैन्य कंबोडियात शिरले आणि ७ जानेवारी १९७९ रोजी नोम पेन्ह पडले. पोल पॉटची राजवट गेली. ज्या राजवटीत चार वर्षांच्या आत दहा लाखांहून अधिक माणसे मेली, ती राजवट. सिंगापूरने मात्र संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा त्या हाकललेल्या राजवटीकडेच राहावी म्हणून आग्नेय आशियाच्या देशांत पुढाकार घेतला. भारताने १९८० च्या जुलैमध्ये नोम पेन्हमधल्या नव्या सरकारला मान्यता दिली. या प्रश्नावर दिल्ली आणि सिंगापूर यांच्यात चांगलेच वाजले.

मास्तर बराच वेळ समोरच्या हिरवळीकडे पाहत होते.

"मी हा धडा वर्गात शिकवत असे," ते म्हणाले. "नियम समजावून देई. राजवट वाईट असली तरी शेजाऱ्याने सैन्य घालून ती बदलायची नाही, नाहीतर उद्या आमचीही कोणाला वाईट वाटेल. एका वर्षी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, सर, आत घरातली माणसे मारली जात असतील, तर शेजाऱ्याने दार मोडायचे की नाही? मी म्हटले, छान प्रश्न आहे, पुढच्या तासाला बोलू. पुढच्या तासाला मी दुसरा धडा घेतला."

मी काही बोललो नाही. त्यांनीच पुढे सांगितले. २०१९ साली पंतप्रधान ली श्येन लुंग यांनी एका शोकसंदेशात व्हिएतनामच्या त्या स्वारीचा उल्लेख केला, तर चाळीस वर्षांनंतरही व्हिएतनाम आणि कंबोडिया दोन्हीकडून रागाचे शब्द आले. आणि २००३ साली अमेरिकेने इराकवर स्वारी केली, तिला संयुक्त राष्ट्रांची नवी परवानगी नव्हती. तरी अमेरिकेने जाहीर केलेल्या सोबत्यांच्या यादीत सिंगापूरचे नाव होते. "सरकारने कारणे दिली," मास्तर म्हणाले. "काही पटण्याजोगी होती. पण मी तुम्हांला फक्त ग्रेनेडा सांगून इराक लपवला, तर मी इतिहासाचा शिक्षक कसला?"

मग ते युक्रेनवर आले. २ मार्च २०२२ च्या महासभेत रशियाविरुद्धच्या ठरावाला १४१ मते पडली. ५ विरुद्ध, ३५ तटस्थ. सिंगापूर १४१ मध्ये होते. निर्बंधांनंतर रशियाच्या 'अमित्र' देशांच्या यादीत त्याचे नाव चढले. पण ७ एप्रिलला रशियाला मानवी हक्क परिषदेतून काढण्याचा ठराव आला, तेव्हा सिंगापूर तटस्थ राहिले. म्हणजे घरात घुसल्याबद्दल हात वर, पण पुढच्या प्रत्येक शिक्षेला मान हलवायची नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हमासने इस्राएलवर हल्ला केला, त्याचा त्यांनी निषेध केला. आणि डिसेंबरमध्ये गाझातले युद्ध थांबवण्याच्या ठरावाला मतही दिले. ज्यांनी मास्तरांना बंदूक धरायला शिकवले, त्यांना तो ठराव नको होता.

"आमच्यासारखे पुष्कळ आहेत," मास्तर म्हणाले. १९९२ साली सिंगापूरने संयुक्त राष्ट्रांत लहान देशांची एक बैठक जमवली. तेव्हा १६ देश होते, पुढे ते १०८ झाले. म्हणजे निम्म्याहून अधिक जग लहानच आहे. आपण नकाशावर मोठे असल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही, एवढेच.

"आणि आमचा देश त्या पस्तिसांत होता," मी म्हणालो.

"हो. तुमची हजारो मुले तिथे अडकली होती. तुमची शस्त्रे रशियाची. तुम्हांलाही टेबल आहेच. शिवाय मोठ्या वाड्याचे दार जाड असते; तुम्हांला गप्प बसणे परवडते. आम्ही गप्प बसलो, तर आमच्या पाळीला कोण बोलेल? तसे बोलूनही कोणी येईलच असे नाही. पण न बोलता तर कोणीच येणार नाही."

आम्ही उठलो. बागेच्या कडेला एक साधा दगडी स्तंभ आहे. आझाद हिंद सेनेचे स्मारक इथे होते; १९४५ साली परत आलेल्या ब्रिटिशांनी ते सुरुंग लावून उडवले, आणि १९९५ साली सिंगापूरने त्या जागी ही खूण उभारली. समोरच पडांगचे मैदान. ५ जुलै १९४३ रोजी नेताजींनी इथेच सेनेची मानवंदना घेतली आणि 'चलो दिल्ली' ही घोषणा दिली.

माझा हात नकळत जोडला गेला, आणि लगेच मला आजोबा आठवले.

माझे आजोबा सातारकडचे. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत पुरवठा खात्यात कारकून होते आणि सिंगापूर पडले तेव्हा इथेच होते. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी कैदी जपान्यांच्या हवाली करण्यात आले आणि त्यांच्यापुढे प्रश्न आला: आझाद हिंद सेनेत येता की कैदेत राहता? पुष्कळ गेले. आजोबा गेले नाहीत. जपान्यांनी त्यांना न्यू ब्रिटन बेटावर मजुरीला नेले. १९४५ साली ते हाडांचा सापळा होऊन परतले. स्वातंत्र्यानंतर गावात पंधरा ऑगस्टला झेंडा चढे, तेव्हा ते मागच्या रांगेत उभे राहत. नेताजींबरोबर का गेला नाहीत, असे कोणी विचारले तर उठून गोठ्यात जात. मीही कॉलेजात असताना, वादविवाद स्पर्धा जिंकल्याच्या गुर्मीत, त्यांना तेच विचारले होते. ते उठून गेले. मला वाटले, उत्तर नाही म्हणून गेले.

हे मी मास्तरांना सांगितले. त्यांनी निवाडा दिला नाही. "माझे एक काका गेले होते नेताजींबरोबर," ते म्हणाले. "ते परत आले नाहीत. तुमचे आजोबा आणि माझे काका एकाच मैदानावर बसले असतील."

संध्याकाळी मी एकटाच धोबी घाटापासून दोन स्थानके पुढे फॅरर पार्कला गेलो. भोवती इमारती, दुकाने, घरी परतणाऱ्या माणसांची लगबग. मी कोपऱ्यावर उभा राहिलो. दूरच्या बादशहांच्या युद्धात सापडलेला एक बावीस वर्षांचा कारकून इथे बसला होता. त्याच्यापुढे दोन बाजू होत्या आणि दोन्ही त्याच्या नव्हत्या. एकीकडे घेतलेली शपथ, दुसरीकडे देश. एकीकडे उपाशी कैद, दुसरीकडे जपान्यांच्या भरवशावरची बंदूक. त्याने काय हिशेब केला? त्याची बोली न लावायची वस्तू कोणती होती? मी कधी असे विचारलेच नाही. मी फक्त विचारले की तुम्ही बरोबर बाजूला का नव्हता.

आता विचारायला आजोबा नाहीत. बाजू बरोबर की चूक हे ठरवायला मी अजूनही कचरत नाही. तो आमच्या धंद्याचाच भाग आहे. पण त्याच्या आधी एक प्रश्न असतो, हे मला माझ्याच वर्गात कोणी शिकवले नव्हते: हा माणूस, हा देश, कशाला पाठ लावून उभा आहे?

जूनमध्ये कॉलेज उघडले. प्राध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर पुन्हा कुठल्याशा लहान देशाच्या मतावरून हशा उसळला आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मागच्या वाक्याची आठवण त्यांना होती. मी म्हटले, "त्यांचे पाणी कुठून येते, माहीत आहे का?" कोणाला काही कळले नाही. मग मी सांगायला बसलो, आणि तास बुडाला.

त्या रात्री सिंगापुरात मी उशिरा परतलो होतो. सगळे झोपले होते. मी फाटकातून आत आलो, हळूच ते ओढून घेतले, आणि कोणी सांगायच्या आत कडी लावली.